रस्त्यात देणगी मागणारे सगळेच स्वयंसेवक नसतात

गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, अंगात संस्थेचं जाकीट. ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणत पुढ्यात येणारी ही मुलं फुकट राबतात, हा समज जुना आहे आणि चुकीचा. बहुतेक जण पगारी असतात. अनेकदा संस्थेचे नव्हे, तर निधी गोळा करणाऱ्या कंपनीचे. त्यांना सुटे पैसे नकोच असतात, दरमहा बँकेतून वळती होणारी देणगी हवी असते. सुरुवातीच्या हप्त्यांतून बऱ्याचदा हा निधी गोळा करण्याचा खर्चच भरून निघतो. पण म्हणून ही लूट नव्हे! देणगीदार टिकला की संस्थेला खरंच पैसा मिळतो. मात्र हे आधी सांगायलाच हवं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९२च्या कायद्यानं व्यावसायिक निधीसंकलकांना मोबदल्याची माहिती देणं बंधनकारक केलं आहे.