एम्बेडेड लिनक्स इमेज

एकाच बोर्डवर मावणाऱ्या संगणकासाठी (उदा., रास्पबेरी पाय, बीगलबोन ब्लॅक) जुळवून बांधलेली आणि मेमरी कार्डावर जशीच्या तशी उतरवायची फाइल. कर्नेलला मेमरीत आणणारा बूटलोडर, लिनक्सचा गाभा असलेले कर्नेल, हार्डवेअरचे वर्णन करणारी डिव्हाइस ट्री आणि प्रोग्रॅम व फाइली ठेवणारी रूट फाइल सिस्टिम हे तिचे चार घटक होत. ‘प्रतिमा’ हा पर्याय परिभाषेत सुचवता येतो; पण वाचकाच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहते, म्हणून या नोंदीत रुळलेला शब्दच ठेवला आहे. कार्डावर इमेज चढवण्याला ‘फ्लॅश करणे’ म्हणतात. तयार इमेज सहज मिळत असताना स्वतः बांधण्याचा खटाटोप मुख्यतः उत्पादन विकणारे करतात. त्यांना आकार लहान हवा असतो, बोर्ड काही सेकंदांत चालू व्हायला हवा असतो आणि आत नेमके काय आहे हे ठाऊक असावे लागते.

बूटक्रम : टेबलावरच्या संगणकात तो सुरू करून देणारे बायॉस किंवा युईएफआय मदरबोर्डवरच असते. या बोर्डांवर बहुधा तसे काही नसते. चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला, पुढे बदलता न येणारा बूट रॉम असतो आणि वीज मिळताच तोच प्रथम चालतो. त्या क्षणी बोर्डवरची मुख्य मेमरी (डीरॅम) सुरूही झालेली नसते. हाताशी असते ती चिपच्या पोटातली थोडीशी एसरॅम. त्यामुळे रॉमने उचलायचा पहिला प्रोग्रॅम त्या अरुंद जागेत बसावा लागतो. या छोट्या प्रोग्रॅमला एसपीएल (सेकंडरी प्रोग्रॅम लोडर) म्हणतात. तो डीरॅम चालू करतो, पूर्ण बूटलोडर तीत आणतो. बूटलोडर कर्नेल व डिव्हाइस ट्री आणून कर्नेलकडे ताबा देतो.

पहिला प्रोग्रॅम कार्डावर कोठे शोधायचा याबाबत मात्र चिपनिर्मात्यांत एकवाक्यता नाही आणि इमेज बांधणाऱ्याची निम्मी डोकेदुखी येथेच आहे. ऑलविनरच्या ए१०, ए२० या चिप कार्डाच्या आरंभापासून ८ केबी अंतरावर पाहतात आणि एसपीएलला ३२ केबींची मर्यादा घालतात. रॉकचिपच्या बहुतेक चिप ६४ व्या सेक्टरवर (सेक्टर ५१२ बाइटांचा), म्हणजे ३२ केबींवर पाहतात. बीगलबोन ब्लॅकवरील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएम३३५एक्स मालिकेतील चिप फॅट पद्धतीच्या पार्टिशनमध्ये (कार्डाच्या विभागात) ‘एमएलओ’ नावाची फाइल शोधते किंवा ०, १२८, २५६ व ३८४ केबी या ठिकाणी पार्टिशनविना ठेवलेला प्रोग्रॅम उचलते. येथे मर्यादा १०९ केबी. ऑलविनरच्या ८ केबींमुळे एक जुनी अडचण उद्भवते. जीपीटी पद्धतीच्या पार्टिशन तक्त्यातील नोंदी साधारणतः ३३ व्या सेक्टरपर्यंत, म्हणजे १७ केबींपर्यंत पसरतात आणि एसपीएलच्या जागेवर येतात. म्हणून अशा कार्डांवर जुनी एमबीआर पद्धत वापरतात किंवा जीपीटीच्या नोंदी पुढे सरकवतात. ऑलविनरच्याच एच३ आणि त्यानंतरच्या चिप १२८ केबींवरही शोधतात, त्यामुळे हा प्रश्न बराचसा सुटला आहे.

रास्पबेरी पायची तऱ्हा निराळी. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आलेल्या पहिल्या पायवरील बीसीएम२८३५ चिपमध्ये आर्म प्रोसेसरच्या आधी ग्राफिक्स प्रोसेसर जागा होतो. तो फॅट पार्टिशनमधील बूटकोड व त्यानंतर स्टार्ट फाइल वाचतो, कॉन्फिग.टीएक्सटीमधील सूचना पाळतो आणि कर्नेल मेमरीत आणल्यावरच आर्मला मोकळे करतो. हे फर्मवेअर बंदिस्त आहे; परिणामी इतर बोर्डांवर सर्रास वापरला जाणारा यू-बूट हा बूटलोडर पायवर पर्याय ठरतो, गरज नव्हे. २०१९ च्या पाय ४ पासून बूटकोडचे काम बोर्डवरील ईईपीरॉमकडे गेले.

नवख्याला सर्वाधिक छळणारा प्रसंग म्हणजे सिरियल केबलवर (बहुधा ११५२०० बॉड, ३.३ व्होल्ट) ‘स्टार्टिंग कर्नेल’ ही ओळ उमटते आणि पुढे शुकशुकाट. कर्नेल मेले असे समजण्याआधी कन्सोलचे (कर्नेलचे संदेश ज्या पोर्टवर जातात त्याचे) नाव आणि डिव्हाइस ट्रीची फाइल तपासावी. पुष्कळदा कर्नेल चालू असते, फक्त भलत्याच पोर्टवर बोलत असते. रूट पार्टिशन सापडत नसल्याची तक्रार करून कर्नेल थांबले, तर ‘रूटवेट’ हा पर्याय दिला आहे का ते पाहावे. कार्ड ओळखण्यास क्षणभर लागतो आणि कर्नेलला ‘थांब’ असे सांगावे लागते.

उगमाविषयी : यू-बूटचे जन्मवर्ष कोणते मानावे याबाबत लिखाणात फरक आढळतो. मॅग्नस डॅम यांनी पॉवरपीसी ८एक्सएक्स चिपांसाठी लिहिलेला ‘८एक्सएक्सरॉम’ हा त्याचा पूर्वज. ऑक्टोबर १९९९ मध्ये वोल्फगांग डेंक यांनी तो सोर्सफोर्ज या खुल्या प्रकल्पांच्या संकेतस्थळावर नेला. तेथे अंकाने सुरू होणारे नाव चालत नसल्यामुळे त्याचे नामकरण ‘पीपीसीबूट’ झाले. त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती जुलै २००० ची. मधल्या काळात आर्म चिपांसाठी ‘आर्मबूट’ ही फांदी फुटली आणि नोव्हेंबर २००२ मध्ये दोन्ही प्रवाह ‘यू-बूट’ या नावाखाली एकत्र आले. परंपरा मोजायची तर १९९९ धरणे सयुक्तिक आहे. परंतु अनेक जातींच्या प्रोसेसरांसाठी एकच बूटलोडर हे आजचे वैशिष्ट्य २००२ च्या एकत्रीकरणातूनच आले, त्यामुळे तेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. नावात ‘यू-बोट’ या जर्मन पाणबुडीवरील कोटी आहे.

डिव्हाइस ट्रीचे मूळ ओपन फर्मवेअरमध्ये (आयईईई १२७५, १९९४) आहे. ती लिनक्सच्या पॉवरपीसी शाखेतून आली. आर्म शाखेतील प्रत्येक बोर्डासाठी वेगळ्या सी फाइलींची गर्दी पाहून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली, त्यानंतर आर्ममध्येही तिचा प्रसार वेगाने झाला.

बांधणीची साधने : बिल्डरूट हे २००१ च्या सुमारास युसीलिबसी या छोट्या सी लायब्ररीची चाचणी घेण्यासाठी तिच्याच निर्मात्यांनी केलेले साधन. नियमित आवृत्त्या २००९ च्या फेब्रुवारीपासून, दर तीन महिन्यांनी निघू लागल्या. बोर्डाच्या नावाची डेफकॉन्फिग (तयार निवडींची फाइल) निवडायची, मेन्यूत हवे ते पॅकेज खुणवायचे आणि ‘मेक’ चालवायचे. शेवटी कार्डावर उतरवण्याजोगी इमेज मिळते. मांडणी सुटसुटीत, पण मूलभूत निवड बदलली की बहुधा सारे पुन्हा बांधावे लागते. ओपनएम्बेडेड २००३ मध्ये झॉरस या शार्प कंपनीच्या हातातील संगणकांसाठीच्या ओपनझॉरस प्रकल्पातून निघाले. त्याच्या बिटबेक या इंजिनाची कल्पना जेंटू या लिनक्स वितरणाच्या पोर्टेज पद्धतीवरून घेतलेली. लिनक्स फाउंडेशनने २०१० मध्ये जाहीर केलेला योक्तो प्रकल्प त्याच वंशातला. १०⁻²⁴ दर्शवणारा योक्तो हा तेव्हा मापनातील सर्वांत लहान उपसर्ग होता (२०२२ मध्ये त्याहून लहान दोन आले). मात्र या प्रकल्पाला बांधणीसाठी लागणारी डिस्क त्या नावाला मुळीच शोभत नाही, ती सहज दहा-वीस जीबींच्या पुढे जाते. रेसिपी (पॅकेज बांधण्याची कृती) व लेयर (रेसिपींचे गट) यांच्या रचनेमुळे अनेक बोर्डांची उत्पादने सांभाळणाऱ्या मोठ्या चमूला योक्तो सोयीचे पडते, एकट्यादुकट्याला बिल्डरूट.

रूट फाइल सिस्टिम लहान राखण्यात बिझीबॉक्सचा वाटा मोठा आहे. शेकडो आज्ञा एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबण्याची ही युक्ती ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ च्या सुमारास डेबियन या लिनक्स वितरणाची स्थापना-फ्लॉपी एका तबकडीत बसवण्यासाठी केली होती.

परवाने : कर्नेल, यू-बूट व बिझीबॉक्स जीपीएल या खुल्या परवान्याखाली असल्याने इमेजसह उपकरण विकणाऱ्यावर मूळ कोड देण्याची जबाबदारी येते. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाल्यावर २००३ मध्ये कंपनीने कोड खुला केला आणि त्यातून राउटरसाठीचे ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्स उभे राहिले. त्याची आरंभीची बांधणीही बिल्डरूटवरच बेतलेली होती. बिल्डरूटमधील ‘लीगल-इन्फो’ ही आज्ञा इमेजमधील पॅकेजांचे परवाने व मूळ कोड एका फोल्डरमध्ये गोळा करून देते.