समाजमाध्यम खात्यांची सुरक्षा

फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स (पूर्वीचे ट्विटर), यूट्यूब, व्हॉट्सॲप अशा समाजमाध्यमांवरील खात्याचा ताबा परक्या व्यक्तीकडे जाऊ नये आणि गेलाच तर तो लवकर परत मिळावा, यासाठी खातेधारकाने व सेवा पुरवणाऱ्या कंपनीने योजलेल्या उपायांना समाजमाध्यम खात्यांची सुरक्षा असे म्हणतात. खात्यावर डल्ला मारणारे सहसा कंपनीची संगणकयंत्रणा भेदण्याच्या फंदात पडत नाहीत. अन्यत्र फुटलेला पासवर्ड वापरणे, खातेधारकाला फसवून तो काढून घेणे किंवा ‘पासवर्ड विसरलात?’ या सोयीचा गैरफायदा घेणे हे त्यांच्या दृष्टीने फार सोपे असते. म्हणून खाते किती सुरक्षित आहे हे केवळ पासवर्डवरून नव्हे, तर ते परत मिळवण्याच्या मार्गांवरूनही ठरवावे लागते.

एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरणे ही यातील सर्वांत जुनी आणि आजही टिकून असलेली उणीव आहे. लिंक्डइनवरून २०१२ मध्ये चोरीला गेलेल्या माहितीतील सुमारे ११ कोटी ७० लाख ईमेल पत्ते व पासवर्ड २०१६ मध्ये विक्रीला आले, आणि त्याच वर्षी खुद्द फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांची ट्विटर व पिंटरेस्टवरील खाती काही काळ इतरांच्या हाती गेली. फुटलेल्या अशा जोड्या स्वयंचलित प्रोग्रॅमच्या साहाय्याने दुसऱ्या सेवांवर घाऊक प्रमाणात लावून पाहिल्या जातात. प्रत्येक खात्याला वेगळा व लांब पासवर्ड ठेवणे हाच त्यावरचा उपाय असून, इतके पासवर्ड लक्षात ठेवणे अशक्य असल्यामुळे ते सुरक्षितपणे साठवून ठेवणारे पासवर्ड मॅनेजर हे ॲप वापरणे श्रेयस्कर ठरते. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याचा आग्रह मात्र आता मागे पडला आहे. सक्तीने बदलायला लावले की लोक जुन्याच पासवर्डाच्या शेवटी एखादा अंक वाढवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शिकेत, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर असा बदल लादू नये, असे म्हटले.

पासवर्ड कळला तरी प्रवेश मिळू नये यासाठी द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डाशिवाय आणखी एक पुरावा मागण्याची सोय, असते. तिचे सर्व प्रकार सारखे भक्कम नाहीत. एसएमएसने येणारा ओटीपी मोबाइल क्रमांकावर अवलंबून असतो, आणि दूरसंचार कंपनीला फसवून तो क्रमांक दुसऱ्या सिमवर वळवता येतो. यालाच सिम स्वॅप म्हणतात. ऑथेंटिकेटर ॲप साधारणतः दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी कोड फोनमध्येच तयार करते, त्यामुळे क्रमांक चोरून काही साधत नाही. तरीही हुबेहूब दिसणाऱ्या बनावट लॉगिन पानावर खातेधारकाने तो कोड स्वतःच टाकला, तर समोरचा तो त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर वापरू शकतो. कॉपीराइटची तक्रार, निळ्या खुणेचे आमिष, खाते बंद होण्याची धमकी अशा निमित्तांनी येणाऱ्या दुव्यांचा रोख बहुधा अशाच पानांकडे असतो. पासकी (पासवर्डाऐवजी फोन किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) व हार्डवेअर सुरक्षा-की (संगणकाला किंवा फोनला जोडायचे छोटे उपकरण) मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेल्या असल्याने बनावट पानावर त्या चालतच नाहीत. माणसाच्या सावधपणावर भिस्त न ठेवणारा हा उपाय म्हणूनच इतरांहून सरस मानावा लागतो. त्यामागील वेबऑथन हे मानक २०१९ मध्ये अधिकृत झाले.

एवढी कुलपे लावूनही परतीच्या मार्गाची कडी सैल राहू शकते. अमेरिकेच्या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या रोखे व विनिमय आयोगाच्या एक्स खात्यावरून ९ जानेवारी २०२४ रोजी बिटकॉइनविषयी खोटी घोषणा प्रसिद्ध झाली, ती आयोगाच्या खात्याशी जोडलेला फोन क्रमांक सिम स्वॅपने मिळवून आणि पासवर्ड बदलून. लॉगिन करण्यात अडचणी येत असल्याने द्विस्तरीय पडताळणी त्याआधीच बंद करून घेण्यात आली होती, हे विशेष. त्यापूर्वी १५ जुलै २०२० रोजी ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना फोनवर फसवून हल्लेखोर थेट अंतर्गत व्यवस्थापन साधनांपर्यंत पोहोचले. १३० खाती लक्ष्य झाली आणि त्यांपैकी ४५ खात्यांवरून ट्वीट पाठवण्यात आले. बराक ओबामा व बिल गेट्स यांची खातीही त्यांत होती. अशा प्रसंगी खातेधारकाची दक्षता कामी येत नाही. जबाबदारी कंपनीवरच पडते. खातेधारकाच्या हाती असते ते एवढेच, की खात्याशी जोडलेल्या ईमेललाही तितकेच कडक संरक्षण द्यावे, वापरात नसलेला फोन क्रमांक काढून टाकावा आणि फोन हाताशी नसताना प्रवेशासाठी दिलेले बॅकअप कोड फोनबाहेर सुरक्षित ठेवावेत.

लॉगिन झाल्यानंतरचा धोका निराळा असतो. ब्राउझरमधील सेशन कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची नोंद ठेवणारी छोटी फाइल, चोरणाऱ्या मालवेअरला (घातक प्रोग्रॅमला) पासवर्ड किंवा कोड यांपैकी कशाचीच गरज भासत नाही. प्रायोजकत्वाच्या प्रस्तावाला जोडलेली फाइल उघडल्यामुळे यूट्यूब वाहिन्या हातच्या गेल्याची उदाहरणे आहेत. म्हणून ताबा गेल्याचा संशय येताच आधी मालवेअर नसलेल्या उपकरणावरून ईमेल खाते सुरक्षित करावे. मग समाजमाध्यमाचा पासवर्ड बदलून सर्व उपकरणांवरील सेशन बंद करावीत, अनोळखी ईमेल, क्रमांक व जोडलेली ॲप काढून टाकावीत आणि आपल्या नावाने पैसे मागितले जाण्याची शक्यता ओळखून परिचितांना दुसऱ्या मार्गाने कळवावे. स्वतः प्रवेश करता येत नसेल, तर कंपनीच्या अधिकृत पुनर्प्राप्ती पानाचाच वापर करावा. शुल्क घेऊन खाते परत मिळवून देण्याची हमी देणारे बहुधा त्याच व्यक्तीला दुसऱ्यांदा लुबाडतात.