ना. मे. की ना. म.? एका मात्रेचा घोळ

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत राज्यसेवेची तयारी करणारी मुलं एक चूक हमखास करतात. ना. मे. लोखंडे आणि ना. म. जोशी यांची गल्लत. दोघेही नारायण, दोघांचंही काम मुंबईच्या गिरण्यांत. त्यात एक मेघाजींचा, दुसरा मल्हाररावांचा, म्हणजे आद्याक्षरांत फरक उरतो तो एका मात्रेचा!

लोखंडे आधीचे (१८४८–१८९७). गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेले, त्यामुळे कामगारांचे हाल त्यांनी रोज पाहिलेले. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. ‘दीनबंधु’ हे पत्र १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलं, ते १८८० पासून लोखंड्यांनी मुंबईत चालवलं. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. मागण्या आज वाचताना पोटात कालवतं: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. त्याच सुमारास विधवांचं केशवपन करायचं नाही म्हणून मुंबईच्या नाभिकांना संपावर नेणारेही हेच. गिरण्यांच्या हिशेबात हे बसत नाही, पण लोखंडे समजायचे तर मला हाच प्रसंग आधी सांगावासा वाटतो. १८९७ च्या प्लेगने त्यांना नेलं.

आता गोम अशी, की त्यांची ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ ही गिरणी कामगारांची संघटना आजच्या अर्थाने युनियन नव्हतीच. वर्गणी नाही, सभासदांची यादी नाही, नियमावली नाही. लोखंडे होते म्हणून ती होती.

जोशी (१८७९–१९५५) इथेच वेगळे पडतात. शिक्षण पुण्यात, मग काही वर्षं शाळामास्तरकी, आणि १९०९ मध्ये गोखल्यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत प्रवेश. म्हणजे लोखंड्यांचा धागा गंज पेठेतल्या फुलेवाड्याशी जुळतो, तर जोशींचा डेक्कनकडच्या गोखल्यांच्या सोसायटीशी. जोशी गिरणीतले नव्हेत, बाहेरून आलेले. कागद, घटना, ठराव यांवर हुकमत. १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले, पुढच्या वर्षी आयटकच्या (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, देशभरातल्या कामगार संघटनांची संघटना) स्थापनेत पुढे होते. कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून केंद्रीय कायदेमंडळातही वर्षानुवर्षं बसले. स्वभावाने मवाळ. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात कम्युनिस्टांचं पारडं जड झालं तेव्हा आपणच वाढवलेल्या आयटकमधून बाहेर पडले. १९४० मध्ये फूट सांधली गेली आणि ते पुन्हा सरचिटणीस झाले.

तेव्हा प्रश्नात ‘दीनबंधु’ किंवा रविवारची सुट्टी दिसली की लोखंडे. आयटक किंवा वॉशिंग्टन दिसलं की जोशी. मात्र ‘आयटकचे पहिले अध्यक्ष’ असं विचारलं असेल तर जोशींवर खूण करण्याची घाई नको. ते लाला लजपतराय.