प्रशिक्षकांचे शिक्षण आणि शाळकरी खेळाडू

1970च्या दशकात अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल सामन्यांना निरीक्षक बसवले आणि प्रशिक्षकांची वागणूक 12 प्रकारांत नोंदवून घेतली. चांगल्या खेळीनंतर प्रशिक्षकाने शाबासकी दिली की तो गप्प राहिला, चूक झाल्यावर त्याने धीर दिला, दुरुस्ती सांगितली की तो रागावला, अशा त्या नोंदी होत्या. नंतर मुलांना आणि प्रशिक्षकांनाही या वागणुकीविषयी विचारले, तेव्हा निरीक्षकांच्या नोंदींशी मुलांची उत्तरे अधिक जुळली. आपण मैदानावर कसे वागतो, याची पुरेशी कल्पना खुद्द प्रशिक्षकांनाच नव्हती. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण चांगल्या हेतूच्या माणसालाही शिकण्याची गरज का असते, हे त्यातून स्पष्ट होते.

याच आधारावर त्यांनी प्रशिक्षकांसाठी काही तासांचा वर्ग आखला. प्रयत्नाचे कौतुक करावे, चुकीनंतर आधी धीर द्यावा आणि मग नेमकी दुरुस्ती सांगावी, अपमान व शिक्षा टाळावी, एवढाच त्याचा गाभा होता. 1992मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वर्ग न केलेल्या प्रशिक्षकांच्या हाताखालील 26 टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला होता, तर वर्ग केलेल्यांच्या संघांत हे प्रमाण 5 टक्के होते. दोन्ही गटांतील संघांच्या जय-पराजयाच्या प्रमाणात मात्र विशेष फरक नव्हता, म्हणजे मुले टिकली ती जास्त सामने जिंकल्यामुळे नव्हे.

ही मुले माध्यमिक शाळेतील मुलांपेक्षा लहान होती. माध्यमिक वयात मोठ्यांची जबाबदारी आणखी वाढते, कारण या काळात शरीर झपाट्याने आणि प्रत्येकाचे वेगळ्या वेळी बदलते. उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण 12व्या आणि मुलांमध्ये साधारण 14व्या वर्षी येतो. पण एकाच वर्गातील दोन विद्यार्थ्यांच्या शारीरिक परिपक्वतेत काही वर्षांचे अंतर असू शकते. संघ निवडताना जो उंच आणि दणकट दिसतो तो अधिक गुणी वाटतो, प्रत्यक्षात तो केवळ लवकर वाढलेला असू शकतो. उशिरा वाढणाऱ्याला तेव्हाच वगळले, तर त्याला सराव, सामने आणि मार्गदर्शन यांपैकी काहीच मिळत नाही, आणि पुढे त्याची उंची भरून निघाली तरी ही उणीव सहजी भरून निघत नाही.

हाडांच्या टोकांशी असलेला कूर्चेचा जो थर हाडाची लांबी वाढवतो, तो पक्क्या हाडापेक्षा नाजूक असतो. गुडघ्याखाली, नडगीच्या हाडाला जिथे मांडीच्या स्नायूचा कंडरा जोडलेला असतो, तिथे उड्या आणि धावण्याचा ताण वारंवार पडल्यास दुखरा उंचवटा येतो. 1903मध्ये ऑसगूड आणि श्लाटर या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वर्णन केलेला हा विकार वाढत्या वयाच्या खेळाडूंमध्ये आजही नेहमी आढळतो. हे ठाऊक असलेला क्रीडाशिक्षक अशा मुलाला ‘नाटक करू नकोस’ असे म्हणत नाही, त्याचा सराव कमी करतो.

डोक्याला मार लागल्यावर तर हे ज्ञान जिवाशी निगडित होते. मेंदूला हादरा बसलेला खेळाडू बहुतेक वेळा शुद्धीत असतो, चालतो-बोलतो आणि पुन्हा खेळायची परवानगीही मागतो. मात्र मेंदू सावरण्याआधी दुसरा आघात झाला तर क्वचित प्रसंगी तो प्राणघातक ठरतो. म्हणून शंका असली तरी त्या दिवशी त्याला खेळू द्यायचे नाही, असा नियम आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने 2009मध्ये त्याचा कायदा केला आणि 2014पर्यंत तेथील सर्व 50 राज्यांत असे कायदे झाले. निर्णय मुलावर सोडलेला नाही, हे मला योग्य वाटते, कारण संघातील जागा जाण्याच्या भीतीने या वयाची मुले त्रास लपवतात.

पालक आणि वर्गशिक्षकांकडे वेळापत्रक असते. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते. पहाटेचा सराव, दिवसभराची शाळा आणि रात्रीचा अभ्यास यांचा हिशेब एकत्र कोणी मांडला नाही, तर कात्री झोपेलाच लागते. क्रीडाशिक्षक सराव ठरवतो, वर्गशिक्षक गृहपाठ देतो आणि पालक घरची वेळ पाळतात. सामन्यांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी या तिघांनी एकत्र बसून आठवड्याची आखणी केली, तर हा हिशेब जुळू शकतो.