ग्लेझ आणि स्कम्बल: अंधारं चर्च कॉपी करताना कुठे काय लावायचं

कमी उजेडाच्या चर्चचं एखादं जुनं चित्र ऑइल रंगात कॉपी करायला घेतलं की हमखास सल्ला मिळतो, वरून एक पातळ थर मार. पण कुठला, ते कोणी सांगत नाही. ग्लेझ पण पातळ, स्कम्बल पण पातळ, दोन्ही वाळलेल्या रंगावरच द्यायचे आणि दोन्हीतून खालचं थोडं दिसत राहतं, त्यामुळे नवशिक्याला दोन्ही एकच वाटतात आणि मग जिथे सावली खोल जायला हवी तिथेच नेमकी राख फासल्यासारखी दिसते.

बघायचं ते एवढंच की उजेड परत कुठून येतो. ग्लेझमध्ये पारदर्शक रंग तेलात पातळ करून फिकट थरावर देतात. उजेड त्यातून आरपार जातो, खालच्या फिकट रंगावरून उलटतो आणि पुन्हा त्याच रंगातून बाहेर येतो, म्हणून जागा गडद होते पण मेलेली वाटत नाही. स्कम्बलचं सगळं उलट. खाली गडद थर, वर फिकट आणि थोडा अपारदर्शक रंग, तोसुद्धा अगदी कमी, जवळजवळ कोरड्या ब्रशने घासत न्यायचा. इथे बराच उजेड वरच्या थरातच विखुरतो, त्यातही निळा भाग जास्त, म्हणून काळपट तपकिरीवर घासलेला साधा पांढरा सुद्धा निळसर, थंड दिसतो. पॅलेटवर निळ्याचा थेंब नसतानाही! पहिल्यांदा बघताना गंमतच वाटते.

कुठली ट्यूब कशाला, हे पण यातूनच कळतं. अपवर्तनांक म्हणजे उजेड आत शिरताना किती वाकतो त्याचा आकडा; रंगाचा आकडा तेलाच्या जवळ असेल तर तो तेलात दिसेनासा होतो, लांब असेल तर झाकतो. जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक साधारण १.४८, अल्ट्रामरीन या निळ्याचा १.५ च्या आसपास, म्हणजे तेलात गेला की तो जवळपास पारदर्शक. टायटॅनियम व्हाइटचा २.७ च्या आसपास, म्हणून तो झाकतो. ग्लेझमध्ये चुकून जरा पांढरा मिसळला तरी ते ग्लेझ राहत नाही, धुकं होतं.

आता चर्च. सतराव्या शतकातला डच चित्रकार एमान्युएल डे विट्टे, त्याची ॲमस्टरडॅमच्या औदे केर्क या चर्चची चित्रं यासाठी मस्त, मोठे खांब आणि जमिनीवर पडलेले उन्हाचे तुकडे. लोक तिथे सावलीला सरळ काळा लावतात, पण शहर प्रॉटेस्टंट झाल्यावर तिथल्या चर्चच्या भिंती पांढऱ्या रंगवलेल्या होत्या, म्हणजे ही पांढऱ्या भिंतीवरची सावली आहे. म्हणून खांबाची सावलीची बाजू आधी हव्या त्या टोनपेक्षा फिकट करड्यात काढा, पूर्ण वाळू द्या आणि मग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) नि अल्ट्रामरीनच्या ग्लेझने टोन गडद करत न्या. एकाच दणक्यात नाही, दोन-तीन थरांत. लांबच्या कमानीतली हवा आणि खिडकीतून तिरका येणारा उजेड मात्र स्कम्बलने. आणि जमिनीवरचा उन्हाचा तुकडा? तिथे दोन्ही नकोत, जाड रंग सरळ ठेवा आणि हात काढा, माझ्या मते अख्खं चित्र त्या तुकड्यावर उभं असतं.

बाकी नेहमीचंच. ग्लेझमध्ये तेल जास्त, त्यामुळे ते वरच्या थरांतच, नाहीतर खाली तेलकट नि वर कोरडं झालं की पुढे तडे जातात. स्कम्बलला मीडियम (रंग पातळ करायचं तेल) जवळपास नकोच, पातळ केलं की ते ओघळतं आणि डाग दिसतात. खालचा थर वाळलाय का, ते बोट लावून नीट कळत नाही, कापडाला किंचित टर्पेंटाइन लावून कोपऱ्यात घासा, रंग आला तर थांबा.

स्कम्बल जास्त होऊन सगळं दुधाळ झालं तर खरवडत बसू नका, वाळू द्या आणि त्यावर गरम रंगाचं हलकं ग्लेझ द्या, खोली बरीचशी परत येते. ग्लेझ जास्त झालं तर ते ओलं आहे तोवर कापडाने टिपून घ्या.