तीन बरण्या, एक वेल

सांगलीत विश्रामबागेतल्या एका मोठ्या किराणा दुकानात परवा बेदाणे घ्यायला गेले होते. सुक्या मेव्याच्या फळीवर चार बरण्या ओळीनं मांडलेल्या: हिरवा लांबट बेदाणा, सोनेरी पिवळा, तपकिरी आणि काळा. चौघांचे भाव चार. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी मला विचारलं, "यातली कुठली जात चांगली?" मी म्हटलं, काळा सोडला तर बाकी तिन्हींची जात बहुतेक एकच असणार. त्यांना ते पटलं नाही. पटणार तरी कसं? रंग वेगळा, चव वेगळी, भाव वेगळा, मग जात एक कशी?

माझ्या मामांची तासगाव तालुक्यात थॉम्पसन द्राक्षाची बाग आहे. मार्च महिना म्हटला की मला बेदाण्याची शेडच आठवते: जाळ्यांचे एकावर एक मजले, त्यावर पसरलेले मणी आणि सगळीकडे भरून राहिलेला गोड, जरासा आंबूस वास. त्या तीन बरण्यांमधला फरक वेलीवर नाही, या शेडमध्ये तयार होतो.

ताजं द्राक्ष हातात घेऊन बोटानं हलकं पुसून पाहा. वरचा पांढुरका थर निघून येतो. ते मेण. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पापुद्रे कौलांसारखे एकावर एक चढलेले दिसतात, आणि कौलं पाऊस बाहेर ठेवतात तसं हे मेण पाणी आत राखून ठेवतं. असं द्राक्ष तसंच उन्हात घातलं तर ते फार सावकाश सुकतं. दरम्यान सालीतल्या पेशी फुटतात, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) आतल्या फिनॉल नावाच्या द्रव्यांना गाठतं, हवेतला ऑक्सिजन मदतीला येतो आणि मणी तपकिरी पडतो. चिरलेलं वांगं किंवा सफरचंद काळं पडतं, तीच ही क्रिया. झाला तपकिरी बेदाणा.

हिरव्यासाठी मामा द्राक्षं आधी बुडवून काढतात. पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल, म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट. या द्रावणानं मेणाची कौलं विस्कटतात, साल मात्र फाटत नाही. पाण्याला वाट मिळते. मग उन्हात नाही, सावलीत, वारा खेळेल अशा शेडमध्ये साधारण पंधरवडा. विकराला काम उरकायला सवड मिळत नाही आणि हिरवेपणा बराचसा टिकतो. फेब्रुवारी ते एप्रिल आपल्याकडची हवा कोरडी असते, म्हणून हे इथं जमतं. आणि पिवळ्याला गंधकाची धुरी देतात. सल्फर डायऑक्साइड त्या विकराला जागच्या जागी थोपवतो आणि रंगही उजळवतो.

याचा हिशोब मला फार आवडतो. द्राक्षात साधारण 80 टक्के पाणी असतं, म्हणजे 4 किलो द्राक्षात घनपदार्थ 800 ग्रॅम. बेदाण्यात पाणी उरतं 15 टक्क्यांच्या आसपास. त्या 800 ग्रॅममध्ये तेवढं पाणी धरलं की वजन भरतं 940 ग्रॅम. "चाराचा एक होतो," असं मामा म्हणतात, ते वजनकाट्यावर असं उतरतं.

पण 15 टक्के पाणी असूनही बेदाणा सडत का नाही? कारण ते पाणी साखरेनं घट्ट धरून ठेवलेलं असतं. बुरशीला किंवा जिवाणूला प्यायला मोकळं पाणी लागतं. पदार्थातलं पाणी किती मोकळं आहे हे मोजायला 0 ते 1 अशी एक पट्टी आहे, तिला जलक्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाणी 1 वर. 0.6 च्या खाली कुठलाच सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. नीट सुकवलेला बेदाणा, पापड, डाळी, बिस्किटं, चिप्स, सगळे या रेषेच्या खाली. आजच्या दुकानात रांगाच्या रांगा कोरड्या मालाच्या आणि भाजीचा कोपरा मात्र लहान, याचं मोठं कारण हे आहे. जे सडत नाही ते महिनोन्‌महिने फळीवर ठेवता येतं, आणि ठेवता येतं म्हणून त्याचे शंभर प्रकार करून विकता येतात.

त्या दुकानात बिस्किटांची एक अख्खी भिंत आहे. तिथं थांबून मी पुडे उलटे करून वाचत बसले. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असा नियम आहे, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली तरी पुडा कळतो. मैदा, साखर, पामतेल. पुढचा पुडा: मैदा, साखर, पामतेल. कुठं गव्हाचं पीठ, कुठं तेल दुसऱ्या नंबरावर. नाचणी, बाजरी, ओट्स अशी मोठ्या अक्षरांत पुढं लिहिलेली नावं काही पुड्यांवर मागं बरीच खाली सापडली.

अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटात सरासरी 30,000 च्या घरात वेगवेगळ्या वस्तू असतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा 2019 चा अहवाल सांगतो की माणसानं खाण्यासाठी 6,000 वनस्पती पिकवल्या, पण आज जगातल्या एकूण पीक उत्पादनापैकी 66 टक्के फक्त 9 पिकांतून येतं: ऊस, मका, भात, गहू, बटाटा, सोयाबीन, पामफळ, शुगर बीट आणि कसावा. बिस्किटांच्या त्या भिंतीवरचे तिन्ही मुख्य घटक याच नऊ जणांत आहेत. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवल्यापासून मला ते दुकान पहिल्यासारखं दिसत नाही.

भाजीच्या कोपऱ्यात मात्र वेगळी गोष्ट घडलेली आहे. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली या चारही एकाच प्रजातीच्या. कुणी पानांचा गड्डा निवडत गेलं, कुणी न उमललेला फुलोरा, कुणी फुगलेलं खोड, आणि पिढ्यान्‌पिढ्या बी राखून शेतकऱ्यांनी एका रानटी झाडाच्या चार भाज्या केल्या. हे वैविध्य बियाण्यात उतरलेलं आहे. साताऱ्याकडच्या कोरेगावचा वाघ्या घेवडाही तसाच. दाण्यावरचे ते लालसर पट्टे कारखान्यात उमटत नाहीत. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, सांगलीच्या बेदाण्यालाही मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता पुन्हा वेलीकडे. थॉम्पसनचा मणी उभा चिरला तर आत बी धरायला सुरुवात होऊन मध्येच थांबल्याची मऊ, बारीकशी खूण दिसते. बी नाही म्हणजे रोप काडीपासून करायचं, आणि काडीपासून केलेला प्रत्येक वेल मूळ वेलीची नक्कल. तुर्कस्तानात थॉम्पसनलाच सुलताना म्हणतात. बदल होतो तो क्वचित, एखाद्या फुटव्यात. तासगावची तास-ए-गणेश ही जात अशीच थॉम्पसनमधून निवडलेली.

नक्कल म्हणजे गोडी तीच, आणि दुबळेपणाही तोच. अवकाळी पाऊस झाला, पान रात्रभर ओलं राहिलं की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, येतो, आणि एका वेलीला त्याच्याशी लढता येत नसेल तर शिवारातल्या कुठल्याच वेलीला येत नाही. अशा पहाटे मामा ब्लोअर घेऊन बागेत असतात, आणि मामी चहा घेऊन बांधावर उभी. हा रोग मूळचा अमेरिकेतला, 1878 मध्ये तो फ्रान्समध्ये पोचला. तिकडच्या रानवेली त्याच्या सोबतीनंच वाढल्या, म्हणून त्यांच्यात त्याला तोंड द्यायची ताकद आहे, थॉम्पसनसारख्या युरोपीय द्राक्षांत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं या दोन प्रजातींचा संकर करून एआरआय-516 हा वाण तयार केला, तो बुरशीला बराच टिकाव धरतो.

मामांना हे सांगितलं तेव्हा ते उठले आणि मला एका वेलीपाशी घेऊन गेले. वाकून खोडाच्या बुडाशी असलेली गाठ दाखवली, मनगटाएवढी जाड, खडबडीत. "हितनं वर थॉम्पसन," ते म्हणाले, "आणि हितनं खाली डॉगरीज." टेक्सासच्या माळावरच्या रानवेलीचा तो खुंट. खारं पाणी आणि दुष्काळ दोन्ही सोसतो, म्हणून आपल्याकडं कलम त्याच्यावर बांधतात. मी त्या गाठीवरून हात फिरवला. वर मण्यांचे घड लटकत होते, आणि त्यांना पाणी पुरवणारी मुळं भलत्याच प्रजातीची होती.