गोल्फ स्पर्धा : हवामान आणि मैदानाची रचना

मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटनची द ओपन या गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धा. प्रत्येकीत चार दिवसांत ७२ होल (पहिल्या फटक्यापासून चेंडू खड्ड्यात पडेपर्यंतचा एकेक टप्पा) खेळायचे, रोज १८ होलची एक फेरी, आणि सर्वांत कमी फटके ज्याचे, तो विजेता. समोर प्रतिस्पर्धी असा नसतोच. झुंज असते ती जमिनीशी आणि हवेशी.

यातला पेच कोल्हापूरकराला खासबागेच्या कुस्ती मैदानावरून चटकन कळेल. हौदातली लाल माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली असते. कुस्तीआधी खोऱ्याने उकरून ती भुसभुशीत करतात. माती ओली असो की कोरडी, दोन्ही मल्ल एकाच वेळी तिच्यात उतरतात. गोल्फमध्ये तसे नाही. पहिले दोन दिवस निम्मे खेळाडू सकाळी आणि निम्मे दुपारी निघतात, दुसऱ्या दिवशी वेळा उलटतात. हिशेबाने हे न्याय्य आहे, पण वारा हिशेब पाळत नाही.

२०१० च्या द ओपनमध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला रोरी मॅकिलरॉयने पहिल्या दिवशी ६३ फटक्यांत फेरी संपवली. दुसऱ्या दिवशी वाऱ्यात त्याच मैदानावर त्याला ८० फटके लागले. त्या दिवशी सकाळी लवकर खेळून मोकळा झालेला लुई ओस्थाइझेन पुढे विजेता ठरला. त्याआधी २००२ मध्ये म्यूरफील्डला तिसऱ्या दिवशी टायगर वुड्स ऐन वादळी पावसात सापडला आणि ८१ वर गेला. दुसऱ्याच दिवशी त्याने ६५ ची फेरी केली. या आकड्यांवरून खेळाडू जोखणाऱ्याने आधी घड्याळ आणि आभाळ पाहावे.

द ओपन नेहमी समुद्रकाठच्या लिंक्स मैदानांवर होते. जमीन वाळूची, झाडी जवळपास नाही. कोल्हापूरच्या भोवती उसाच्या काळ्या रानात वळिवाची एक सर पडली की चप्पल चिखलात रुतून बसते. लिंक्सवर तेवढे पाणी वाळूत जिरून जाते. म्हणून तिथे जमीन टणक राहते, चेंडू पडल्यावर लांब घरंगळतो आणि खोलगट बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, त्याला ओढून घेतात. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाची पहिली निम्मी वाट गावापासून दूर जाते, उरलेली परत येते. वारा जाताना पाठीशी असेल तर येताना बहुधा तोंडावर. तिथली सात ग्रीन (खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) तर इतकी प्रशस्त, की प्रत्येकीवर दोन-दोन होल मावतात.

अमेरिकेतल्या ऑगस्टाची तऱ्हा वेगळी. बॉबी जोन्स आणि अलिस्टर मॅकेंझी यांनी आखलेल्या या मैदानावर १९३४ पासून मास्टर्स होते. बारावा होल जेमतेम १५५ यार्डांचा, पण पुढ्यात ओढा आणि उंच पाइन झाडांमध्ये घुटमळणारा वारा. २०१६ मध्ये आघाडीवर असलेल्या जॉर्डन स्पीथने इथे दोन चेंडू पाण्यात घातले आणि तीन फटक्यांच्या होलला सात घेतले.

हवेची घनताही मोजावी लागते. थंड, दाट हवेत चेंडू आखूड पडतो, तर उंचावर लांब जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवरच्या कोल्हापुरात तोच फटका किनाऱ्यापेक्षा थोडा पुढे पडेल.

पाऊस दरवेळी वैरी नसतो. ओल्या, मऊ ग्रीनवर चेंडू पडतो तिथेच थांबतो आणि नेम धरून मारणाऱ्याची चंगळ होते. २०११ च्या यूएस ओपनमध्ये पावसाने मऊ झालेल्या काँग्रेशनल मैदानावर मॅकिलरॉयने पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरवलेल्या फटक्यांपेक्षा, १६ फटके कमी घेऊन, २६८ च्या बेरजेने स्पर्धा जिंकली.

उलट बाजू अमेरिकेतल्याच शिनेकॉक हिल्स मैदानाची. हौदातली माती कधी भिजवायची हे वस्तादाला नजरेने कळते. इथे संयोजकांचा अंदाज दोनदा चुकला. २०१८ च्या यूएस ओपनमध्ये तिसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्या-उन्हाने ग्रीन कडक झाली. लवकर निघालेले टोनी फिनाऊ आणि डॅनियल बर्गर ६६ ची फेरी करून ११ फटक्यांच्या पिछाडीवरून थेट संयुक्त आघाडीवर आले. २००४ मध्ये तर शेवटच्या दिवशी सातव्या होलवर पहिल्या गटांची दाणादाण उडाल्यावर, खेळ चालू असताना दोन गटांच्या मधल्या वेळात ग्रीनवर पाणी मारावे लागले. आधी खेळून गेलेल्यांचे फटके मात्र तसेच मोजले गेले.